हद्दीवरची गल्ली: ड्रेनेज आणि रस्ता, महापालिका व ग्रामपंचायतीचं काम एकत्र कसं बसवायचं?

विजापूररोडकर:
नमस्कार मंडळी. सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला, महापालिकेची हद्द जिथे संपते तिथली २४० मीटरची गल्ली आहे. पुढची अर्धी महापालिकेत, मागची अर्धी ग्रामपंचायतीत. साठेक घरं, मधे मधे मोकळे प्लॉट. शोषखड्डे भरून वाहतात, कारण मुरमाचा थर पातळ आहे आणि खाली कातळ. पाणी जिरायला जागाच नाही. महापालिकेची ३०० मिमीची ड्रेनेज लाईन गल्लीच्या तोंडाशी आहे. ग्रामपंचायत यंदा तिच्या भागात रस्ता करायचा म्हणतेय. दोघांनी मिळून आधी ड्रेनेज आणि मग रस्ता असं करता येईल का? सुरुवात कुठून करायची? दीडशे मिमीचा पाईप पुरेल का?

मोजमाप:
आधी रस्ता थांबवा. रस्ता झाल्यावर ड्रेनेज आलं तर तोच रस्ता फोडावा लागतो, आणि फोडलेला पट्टा पूर्वीसारखा कधीच बसत नाही.

दुसरं, अर्ज-निवेदनाच्या आधी लेव्हल घ्या, म्हणजे जमिनीची आणि चेंबरच्या तळाची उंची मोजून घ्या. हद्दीवरची कामं पैशापेक्षा लेव्हलवर जास्त अडतात. महापालिकेच्या नकाशात पातळ्या समुद्रसपाटीपासूनच्या असतील तर आकडे साडेचारशे मीटरच्या घरात दिसतील. पंचायतीच्या अंदाजपत्रकात बहुतेक वेळा कुणाच्या तरी ओट्याला १००.००० धरून सुरुवात केलेली असते. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर, पण एकमेकांशी जुळत नाहीत. मग जागेवर अंदाजाने जुळवाजुळव होते आणि हद्दीच्या रेषेवर पाईप १५-२० सेंमी वर-खाली येतो. म्हणून दोन्हीकडच्या अभियंत्यांनी एकाच दिवशी, एकाच लेव्हल मशिनवर, एकच खूण धरून मोजणी करावी. खूण पक्की हवी: मोरीचा कठडा, मंदिराचा चौथरा. रंगाने खुणावून दोघांच्या कागदावर तोच आकडा लिहायचा.

महापालिकेच्या चेंबरची खोली मोजताना स्टाफ (आकडे असलेली मोजकाठी) खाली टेकला आणि मऊ लागलं, तर तो गाळ आहे. गाळ काढून कडक तळ लागेपर्यंत आकडा लिहू नका. २० सेंमी गाळावर घेतलेली तळपातळी पुढचं सगळं गणित चुकवते. गाळ काढायला माणूस आत उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्याने त्याला बंदी आहे आणि आतला वायू काही क्षणांत जीव घेतो. जेटिंग-सक्शनची, म्हणजे पाण्याच्या झोताने गाळ सोडवून ओढून घेणारी गाडी मागवा.

तुमच्या आकड्यांवर गणित मांडतो. १५० मिमी पाईपला साधारण १७० ला १ उतार लागतो, म्हणजे २४० मीटरला १.४१ मीटर. वरच्या टोकाचं चेंबर ०.९ मीटर खोल आणि जमीन त्याच दिशेने ६० सेंमी उतरते असं धरलं, तर तोंडाशी तुमचा पाईप १.७१ मीटर खोल येतो. तिथलं महापालिकेचं चेंबर १.५ मीटरचं असेल तर पाणी उलट तुमच्याकडे येईल. अशा वेळी उतार कमी करून "चालतंय" म्हणू नका. त्या लाईनवरचं खालच्या अंगाचं पुढचं चेंबर बघा. ते ३० मीटरवर आणि २ मीटर खोल असेल आणि जमीन तशीच उतरत असेल, तर तुमचा पाईप तिथे साधारण १.८ वर पोचतो आणि काम जमतं. शाखेच्या पाईपचा माथा मुख्य पाईपच्या माथ्याच्या खाली जाता कामा नये, त्यामुळे १५० आणि ३०० मध्ये तळाला निदान १५ सेंमी फरक राहिला पाहिजे. तळातला फरक ६० सेंमीपेक्षा जास्त झाला तर ड्रॉप चेंबर, म्हणजे पाणी उभ्या पाईपने खाली उतरवणारं चेंबर करावं लागेल.

पाईप मोठा घेऊन उतार वाचवणं ही नेहमीची चूक. २०० मिमीला २५० ला १ उतार चालतो, पण तेवढं पाणी हवं. साठ घरं, घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर आणि त्यातलं ८० टक्के गटारात, म्हणजे दिवसाला ३२,४०० लिटर. भर वेळेलाही सेकंदाला जेमतेम एक लिटर. मोठ्या पाईपात ते तळाशी पातळ वाहील आणि घाण मागे राहील. शिवाय सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी धुणी-भांडी उरकतात, लाईन जोरात वाहते. मधल्या दिवसांत प्रवाह क्षीण. म्हणून दीडशेच ठेवा, उतार सोडू नका आणि शेवटच्या चेंबरपाशी जेटिंगची गाडी उभी राहील एवढी जागा राखा.

पंचायत_कारभार:
कागदांचं सांगतो. पहिल्यांदा गल्लीचा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. पंचायतीकडे नमुना २३ ही ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही असते. खाजगी लेआउटमधला रस्ता हस्तांतरितच झाला नसेल तर त्यावर सरकारी पैसा टाकता येत नाही, आणि हे लेखापरीक्षणात निघतं. १९९२ च्या हद्दवाढीनंतर शहर सगळ्या बाजूंनी पसरत गेलं. कडेच्या लेआउटमध्ये ही अडचण हमखास धरून चाला.

मग निधी. २०२१-२६ च्या १५ व्या वित्त आयोगाच्या अनुदानात ६० टक्के बंधित (ठरावीक कामांसाठीच), ४० टक्के अबंधित अशी वाटणी होती. ड्रेनेज, सांडपाणी हे बंधितमधून बसतं, रस्ता अबंधितमधून. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसेल तर पैसे निघणार नाहीत, तेव्हा ग्रामसभेत दोन कामं वेगवेगळी लिहून घ्या. "रस्ता व गटार" असं एकत्र लिहिलं की निधीचा शीर्ष ठरवताना घोळ होतो.

खोदाई मात्र एकाच यंत्रणेने, एकाच मक्तेदाराकडून व्हावी. पंचायतीने आपला हिस्सा महापालिकेकडे भरायचा आणि महापालिकेने अख्खी लाईन टाकायची, हे सोपं पडतं. दोन मक्तेदार असले की हद्दीवरच्या जोडाची जबाबदारी कुणीच घेत नाही. लेखी करारात एवढं यायलाच हवं: तुंबलं तर कुणाची गाडी येणार, पंचायत हद्दीतल्या घरांकडून वापराचा आकार कोण वसूल करणार, दोष दायित्व कालावधी (काम बिघडलं तर मक्तेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) किती, पुढे नवीन घर जोडायला परवानगी कोण देणार. पहिलं पत्र नगर अभियंता कार्यालयाला, प्रत गटविकास अधिकाऱ्यांना, सोबत ठरावाची नक्कल आणि संयुक्त पाहणीचा सह्यांचा कागद. गल्ली विजापूरच्या राष्ट्रीय महामार्गाला मिळत असेल आणि लाईन त्याच्या हद्दीत जाणार असेल, तर ती परवानगी वेगळी. तिचा अर्ज आधी टाका, तिलाच वेळ लागतो.

विजापूररोडकर:
लेव्हलचं आजवर कुणीच बोललं नव्हतं, खूप उपयोग झाला. आता विचारणा अशी की निघालेली काळी मातीच चरात परत भरू म्हणतायत. चालेल का? आणि वर काँक्रीट करावं की पेव्हर (सिमेंटचे ब्लॉक)?

चेंबर_ते_चेंबर:
काळी माती परत अजिबात नको. उन्हाळ्यात ती आकसते, सप्टेंबरच्या पावसात फुगते, आणि वरचा रस्ता तिच्याबरोबर हलतो. ती उचलून न्यायचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवा, नाहीतर मक्तेदार ती चरातच ढकलणार.

दीडशेच्या पाईपला चर ६० सेंमी रुंद पुरे. दीड मीटरपेक्षा खोल गेलात तर बाजूंना फळ्या-टेकू हवेतच, ओली काळी माती न सांगता ढासळते. तळाला १० सेंमी क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू). कातळावर तर हवीच, नाहीतर टोकदार दगडावर पाईप टेकतो आणि वरून ट्रॅक्टर गेला की तडकतो. कॉलरखाली (पाईपच्या रुंद तोंडाखाली, ज्यात दुसरा पाईप बसतो) खळगा करा म्हणजे पाईप अंगावर बसेल, कॉलरवर नाही. काम खालच्या चेंबरकडून वर न्यायचं, कॉलरचं तोंड चढाकडे.

भराव मुरमाचा. पाईपच्या वर ३० सेंमीपर्यंत हातधुमसानेच, त्यानंतर १५ ते २० सेंमीचे थर, प्रत्येक थर पाणी मारून कॉम्पॅक्टरने दाबायचा. जेसीबीने एका दमात चर भरला की पहिल्या पावसात रस्त्याच्या मधोमध नळी पडते. ती दिसेपर्यंत बिल निघून गेलेलं असतं.

चेंबर ३० मीटरपेक्षा लांब नको. काळ्या मातीत विटांच्या बांधकामाला तडे जातात, तयार आरसीसी चेंबर घ्या. झाकण गाड्यांच्या रस्त्यावर एचडी-२० दर्जाचं, म्हणजे जड वाहनांचा भार घेणारं. फ्रेम रस्त्याचा शेवटचा थर होताना त्याच्या पातळीला बसवा. आधी बसवली तर एकतर खड्डा राहतो नाहीतर उंचवटा.

काँक्रीट की पेव्हर, हे मोकळ्या प्लॉटवर अवलंबून. प्रत्येक प्लॉटला, मोकळ्यालाही, कुंपणाच्या रेषेपर्यंत जोडपाईप काढून टोपण लावणार असाल तर काँक्रीट करा. नाहीतर ८० मिमीचे पेव्हर, म्हणजे पुढे जोडणी देताना काढून परत बसवता येतील. मी तरी आधी जोडपाईप मागेन.

नळजोडणी:
एक राहिलं. पाणी काही दिवसांआड येत असल्याने बाकी वेळ नळाची लाईन रिकामी असते, आणि रिकामी होताना गळक्या जोडातून बाहेरचं घाण पाणी आत ओढते. ड्रेनेज नळाच्या लाईनपासून शक्यतो ३ मीटर लांब, गल्ली अरुंद असेल तर निदान विरुद्ध बाजूला आणि खालच्या पातळीला. जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे ड्रेनेज खाली, आणि त्या जागी दोन्हींचा जोड येऊ देऊ नका. चर खणताना जुन्या नळजोडण्या तुटतातच. त्या त्याच दिवशी नव्या पाईपने जोडायच्या, सायकलची ट्यूब गुंडाळून नाही.

मोजमाप:
आणि चर बुजवण्याआधी दोन चाचण्या. एका चेंबरात आरसा, दुसऱ्यात बॅटरी: उजेडाचा पूर्ण गोल दिसला पाहिजे, अर्धा दिसला तर मधे पाईप बसलाय. मग गुळगुळीत चेंडू, पाईपच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिमी लहान, वरून सोडायचा. तो आपसूक खालच्या चेंबरात आला तर मोजमाप पुस्तिकेत नोंद. नोंदीखाली दोन्हीकडच्या अभियंत्यांच्या सह्या, मगच मुरूम टाकायला सांगा.