मदत हवी आहे: साडेचार वर्षांच्या घोडीवर कामाचा भार किती टाकावा?

नमस्कार. सासवडजवळच्या आमच्या शेतावर आम्ही मुलांसाठी घोडेस्वारीची शिबिरे घेतो. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली आमची काठेवाडी घोडी आता साडेचार वर्षांची झाली असून, नवशिक्या मुलांना पाठीवर घेऊन संथ चालणे, डोंगरवाटेची रपेट आणि लांब दोरीवर गोल फिरणे, ही सारी कामे ती इतक्या समजूतदारपणे करते की प्रत्येक गटात तिलाच मागणी असते.

माझी काळजी नेमकी इथेच आहे. घोड्याच्या गुडघ्याची हाडे अडीच वर्षांच्या सुमारास पक्की होत असली, तरी पाठीच्या मणक्यांची वाढ साधारण साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू राहते. तिचे वजन अंदाजे 320 किलो असल्याने खोगिरासह 60 किलोंपेक्षा अधिक भार आम्ही टाकत नाही. तरीही गेल्या पंधरवड्यापासून तंग (खोगिराचा पोटाखालून बांधायचा पट्टा) आवळताना ती कान मागे पाडते, शेपटी झटकते आणि दुडकी चालीत डावीकडे वळण्यास कुरकुरते. पूर्वी असे कधीच नव्हते. पशुवैद्यांना बोलावले आहे, ते सोमवारी येतील. तोवर तिला पूर्ण विश्रांती दिली आहे.

मे महिन्याच्या शिबिरात तिला दिवसातून किती वेळ आणि आठवड्यातून किती दिवस स्वारीसाठी वापरणे योग्य ठरेल? खोगीर पाठीला नीट बसते की नाही, हे घरच्या घरी कसे तपासावे? तरुण घोडे स्वतः घडवलेल्या जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.