वायू उडतो, मग सापडतो कसा?

एकाने विचारलंय की तिळातले जंतू मारायला ज्याची धुरी देतात तो इथिलीन ऑक्साइड हा वायू आहे, तर तिळात तो मागे राहीलच कसा. शंका रास्त आहे. बराचसा उडूनच जातो. पण थोडा तिळातल्या क्लोराइडशी जुळून २-क्लोरोइथेनॉल बनतो आणि तो तसाच राहतो. म्हणून युरोपात दोन्हींची बेरीज मोजतात. मर्यादा तिळासाठी किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टनांच्या अख्ख्या कंटेनरमध्ये जेमतेम १ ग्रॅम! २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळात हे बेल्जियमने पकडलं, तेव्हा काही नमुने हजारो पटींनी वर होते. साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू मारायला धुरी दिलेली, आणि झालं भलतंच.

हे मोजायचं यंत्र म्हणजे घटक वेगळे करणारा गॅस क्रोमॅटोग्राफ, आणि त्याला जोडलेला, वस्तुमानावरून घटक ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर. क्लोरीनचे दोन समस्थानिक (वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) असल्यामुळे २-क्लोरोइथेनॉलची ८० आणि ८२ अशा वस्तुमानांची जोडगोळी साधारण तिनास एक प्रमाणात दिसते. हे प्रमाण बिघडलेलं दिसलं की मी तरी त्या आकड्यावर विश्वास ठेवणार नाही. तीळ तेलकट, त्यामुळे खरी डोकेदुखी यंत्राची नसते, अर्क स्वच्छ करण्याची असते.

आणि हो, 'धुऊन घेतले की झालं' हा सल्ला इथे भरवशाचा नाही.