नणंदा आठ दिवस येतायत, फिरायचं पण आहे आणि कामं पण काढलीत, कसं बसवू?

वडगावची_सून

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहूलाले, सांभाळून घ्या. मे च्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या दोन्ही नणंदा पुण्याहून येतायत, मोठ्या वन्संच्या घरचे चौघे, धाकटीकडचे दोघं आणि सोबत आमचे चुलत सासरे, वय ७४. सात ते आणि पाच आम्ही, झाले बारा. घर बेळगावच्या वडगावात, खाली दोन खोल्या वर एक, बाथरूम दीड (वरच्याला अर्धंच म्हणायचं, तिथं पाणी चढत नाही). माणसं आली की मला बरंच वाटतं, तक्रार ती नाहीच.

पण ह्यावेळी वन्संनी फोनवर यादीच सांगितली. फिरायला गोकाकचा धबधबा, आंबोली, हलशी, राजहंसगड, सौंदत्तीला यल्लम्माचं दर्शन, शहापुरात साड्या. ते झालं की कामं. वर्षाची चटणी, उडदाचे पापड, शेवया ("आपण सगळ्या मिळून करू गं"), खानापूर तालुक्यात आमचं जुनं घर आहे त्याची कौलं पावसाच्या आधी परतायची, आणि आजोबांच्या नावावर अजून जमीन आहे त्या उताऱ्याचं काय ते बघायचं. आठ दिवसांत!

आमच्या ह्यांना सुट्टी तीनच दिवस. सासूबाईंचे गुडघे गेलेत. आमच्या भागात पाणी चार दिवसांतून एकदा येतं. आणि "मिळून करू" चा अर्थ मला माहीत आहे, मागच्या वेळी मी एकटी पोळपाटाशी आणि बाकीच्या गच्चीवर फोटो काढत होत्या. कुणाला न दुखवता ह्यातलं काय कापू आणि काय ठेवू?

खानापूरचा_गडी

वहिनी, यादी बघून मलाच घाम आला की. पहिलं ऐका, कौलांचं काम शेवटाला ठेवू नका. आमच्या भागात मे मध्ये सगळ्यांचीच घरं उघडी, कौलं परतणारी माणसं आत्ताच सांगून ठेवली नाही तर पाव्हणे येऊन बसतील आणि माणसं दुसऱ्याच्या आढ्यावर असतील. दुपारचा वळीव कधी येईल सांगता येत नाही, अर्धं छप्पर उघडं असताना आला तर भिंती गेल्याच म्हणून समजा. आम्ही पहाटे सुरू करतो आणि एका बाजूची कौलं उतरून परत चढवल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हातच लावत नाही.

दुसरं, जास्तीची कौलं आधी बघून ठेवा. एका कारखान्याचं मंगलोरी कौल दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, नुसतं बसल्यासारखं दिसतं आणि आषाढात गळतं. आमच्या बाबांनी एकदा स्वस्तात शंभर आणली होती, अजून गोठ्यामागं पडलीत. जुन्यातलं एक फुटकं सोबत घेऊन जा आणि मागचा शिक्का बघून तसलंच मागा. कौलांखालच्या लाकडी रिपांना वाळवी लागलेली असेल तर त्याच दिवशी बदलायला लागतात, म्हणजे सुतार पण लागला. आणि काकांना शिडीवर चढू देऊ नका, ते चढायला बघणारच, त्या वयाची माणसं खाली उभी राहून सांगत बसत नाहीत.

आता फिरायचं. कौलांच्या दिवशी सगळ्यांनी गावात बसून काय करायचं? दोघं-तिघं घरावर राहूदेत, बाकीचे नंदगड करून हलशीला जाऊन या, तुमचं गाव त्याच अंगाला असेल तर. नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे, १८३१ ला त्याला तिथंच फाशी दिलं. हलशीला भूवराह नरसिंहाचं देऊळ, दोन गाभारे समोरासमोर, एकात नरसिंह एकात वराह, पोरांना ते बघायला मजा येते. एका गाडीत दोन्ही कामं होतात.

टिळकवाडीची_आज्जी

अगं पोरी, माझ्या घरी चाळीस वर्षं असंच चाललंय. एक सांगते, स्वयंपाकघरात "काय मदत करू" म्हणत उभी राहते तिला "काही नको, बसा" म्हणायचं नाही. मी तेच म्हणायची आणि मग रात्री रडायची. आता आल्या आल्या प्रत्येकीच्या हातात काम. मिरच्यांची देठं काढायला कुणाला काही यावं लागत नाही, पेपर पसरायचा, पुरुषांना पण बसवायचं, टीव्ही लावून द्यायचा. आमचे जावई दोन किलो करतात आणि वर्षभर सांगतात की ह्या चटणीत माझा हात आहे.

चटणी पहिल्या दोन दिवसांतच धर. मिरची वाळली पाहिजे, कडक ऊन लागतं दोन दिवस तरी. मी तीन भाग ब्याडगी आणि एक भाग संकेश्वरी घेते, ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी चवीला आणि तिखटाला, खरी संकेश्वरी मिळाली तर. खोबरं, धणे, तीळ भाजायचं काम सकाळी गार असताना. कांडपाला मे मध्ये नंबर लागतो, सकाळी आठला डबे घेऊन एकाला पाठव, तो दुपारी येईल. लसूण सोलायला लहान मुलं, भिजवून ठेवला की सालं सुटतात.

शेवया मात्र सोड. खरंच सोड. पापड कर, पीठ आदल्या रात्री मळून ठेवता येतं, सकाळी सहाला लाटायला बसलं की अकराला संपतं, आणि दोन वाजले की ढग आले नाहीत तरी गोळा करायचे. शेवया विकत आण आणि घरच्या आहेत असं सांग.

गणेशपूर_ते_गोकाक

सगळे बोलूलालेत पण मुद्द्याचं कुणी बोलत नाही. मे मध्ये गोकाकला काय बघणार? ५२ मीटर उंचावरनं घटप्रभा पडते ती जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरला. मे मध्ये नुसता काळा कातळ आणि वर ऊन, मी एकदा पाव्हण्यांना घेऊन गेलोय, त्यांनी विचारलं धबधबा कुठाय, मी म्हटलं हाच. करदंट (गोकाकची डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) घेऊन परत आलो. यादीतनं पहिलं ते उडवा. सौंदत्तीला पण मंगळवार-शुक्रवार सोडून जा, गर्दीत काकांना उभं राहायला लागेल.

आंबोली पण पाऊस सुरू झाल्यावरच खरी. तरी संध्याकाळी गार वाटतं, येताना करवंदं मिळतात, ते चालेल.

पाव्हणा_कोथरूडचा

मी उलट बाजूनं बोलतो, मी दरवर्षी बेळगावला मामाकडं येणारा पाव्हणा आहे. आम्हाला खरं म्हणजे इतकं फिरायचं नसतं हो. यादी आम्ही करतो कारण न केली तर यजमान म्हणतात "कुठं जायचं नाही का?" आणि केली तर म्हणतात "एवढं?" मामीला कळत नाही की मला तिच्या ओट्यावर बसून चिरमुरे खायचे असतात.

शहरातलंच अर्धा दिवस ठेवा की. किल्ल्यात कमल बस्ती बघा, १२०४ सालचं जैन मंदिर, छताला दगडातलं कमळ आहे, मान दुखेपर्यंत बघत बसावं असं. तिथंच रामकृष्ण आश्रम. टिळकवाडीत काँग्रेस विहीर, १९२४ च्या अधिवेशनाला पाणी पाहिजे म्हणून खणलेली, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. आमच्या पोराला हे पुस्तकात होतं पण विहीर बघून म्हणाला "एवढीच?", तरी आत वाकून बराच वेळ बघत होता.

आणि बसचा प्लॅन असेल तर एक लक्षात ठेवा, कर्नाटकात सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, २०२३ पासून, पण ते इथल्या रहिवासी बायकांना. पुण्याचं आधार कार्ड दाखवून माझी बायको कंडक्टरशी वाद घालत होती आणि मामी शेजारी फुकट बसून हसत होती.

वडगावची_सून

आज्जी, "काही नको, बसा" हे मी दिवसातून दहा वेळा म्हणते, तुम्ही घरात कॅमेरा लावलाय काय.

शेवया सोडल्या. सौंदत्ती मात्र सोडता येत नाही, धाकटीचा नवस आहे, बुधवारी जाऊ. गोकाकचं मी फोनवर हळूच काढून बघितलं, की पाणी नसतं ह्या दिवसात, तर काका म्हणाले मला माहीत आहे, तरी जायचं. का ते सांगितलं नाही. आता काय करू?

आणि उताऱ्याचं कुणालाच माहीत नाही का?

निपाणीकर_वकिलाचा_मुलगा

ताई, मी वकील नाही, नुसतं घरात ऐकून ऐकून माहीत. सर्व्हे नंबर माहीत असेल तर पहाणी (इकडं उताऱ्याला पहाणी म्हणतात) ऑनलाइन निघते, नसेल तर जुनी पावती किंवा शेजारच्या शेताच्या माणसाला विचारा, त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. नाव बदलायला मृत्यूचा दाखला आणि वंशावळ लागते, अर्ज नाडकचेरीत, म्हणजे गावाकडच्या महसूल ऑफिसात. आठ दिवसांत नाव लागणार नाही, ती आशाच सोडा. पण वारस सगळे एका घरात असायचा योग परत कधी येणार? तेवढ्यात सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स, सह्या आणि कुणाला हिस्सा पाहिजे कुणाला नको हे बोलून घ्या. मात्र जेवणाच्या ताटावर नको. आमच्याकडं पुरणपोळीवर हा विषय निघाला आणि दोन काका तीन वर्षं बोलत नव्हते.

दुसरा आणि चौथा शनिवार ऑफिस बंद. कागद सगळे कन्नडमध्ये असतात, पुण्याच्या मंडळींना वाचता येणार नाही आणि न वाचता कुणी सही करत नाही, करूही नये, म्हणून घरातलं कन्नड शाळेत शिकलेलं एक पोरगं सोबत ठेवा, त्याला आईस्क्रीम द्या.

टिळकवाडीची_आज्जी

काकांना गोकाकला ने. म्हाताऱ्या माणसाला का म्हणून विचारायचं नसतं.

पाण्याचं सांगायचं राहिलं. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी कुठं जायचं नाही, तोच तुझा पापडाचा आणि कपड्यांचा दिवस. आधी पाण्याचा वार बघ आणि मग बाकीचं त्याच्या आजूबाजूला लाव. मी लग्नाच्या तारखा पण अशाच बघत आले.

खानापूरचा_गडी

आज्जी, ह्यावर एक नंबर. आमच्या गावच्या लक्ष्मी यात्रेला एका दिवशी घरात चारशे माणूस जेवलं, ते सोपं गेलं, मंडप आचारी सगळं ठरलेलं असतंय. आठ दिवस बारा माणसं हे अवघड.

वडगावची_सून

मंडळी, पाव्हणे काल गेले. सांगितल्याशिवाय झोप येणार नाही म्हणून लिहूलाले.

पाणी सोमवारी आणि शुक्रवारी आलं, आज्जींच्या म्हणण्याप्रमाणे ते दोन दिवस घरात. सोमवारी देठं काढून मिरच्या गच्चीवर, मोठे भावजी शिंकून शिंकून लाल झाले पण उठले नाहीत, गुरुवारी कांडप. शुक्रवारी पापड, साडेतीन किलो, दोघी नणंदा लाटायला बसल्या, धाकटीचे नकाशासारखे आले पण बसल्या हे महत्त्वाचं. दीडला ढग आले, सगळे धावले, पंधरा-वीस पापड भिजले तेवढेच.

कौलं शनिवारी. माणसं आली, तरी काका शिडीवर चढलेच, दोन पायऱ्या. चाळीस कौलं कमी पडली, शिक्का बघून आणायला नंदगडपर्यंत जावं लागलं, म्हणून हलशीला जे गेले ते संध्याकाळी अंधारात परत आले. एक रीप बदलली. आंबोली झाली नाही, राजहंसगडला मुलं आणि हे, एवढेच संध्याकाळी जाऊन आले. उताऱ्याचं रविवारी सकाळी चहावर बोलणं झालं, ताटावर नाही. मोठ्या वन्संनी हिस्सा नको म्हटलं, मग धाकटीने "मी असं म्हटलेलं नाही" म्हटलं, मग सगळे गप्प. माझ्या मुलाने पहाणी वाचून दाखवली, काकांनी तीनदा वाचायला लावली, वडिलांचं नाव आलं की थांब म्हणायचे.

गोकाकला मंगळवारी गेलो होतो. पाणी नव्हतंच, गणेशपूरवाल्यांचं खरं. काकांनी तिकडं बघितलंही नाही. त्यांना गिरणीच्या बाजूची वस्ती बघायची होती, त्यांचे वडील तिथं सूतगिरणीत कामाला होते आणि काका तिसरीपर्यंत तिथंच शिकले, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, सासूबाईंना पण नाही. धबधब्यावर वीज १८८७ सालीच तयार व्हायला लागली हे वडील अभिमानाने सांगायचे म्हणे. एक घर दाखवून म्हणाले हेच असावं, मग म्हणाले नाही, पुढचं. तासभर त्या गल्लीतच. पोरं गाडीत कंटाळली, मी त्यांना करदंट देऊन गप्प बसवलं.

आता एक काम आहे. धाकट्या नणंदेचा पापडाचा डबा इथंच राहिला, वरच्या खोलीत कपाटामागं. पुढच्या आठवड्यात बेळगावहून पुण्याला गाडीनं कुणी जाणार असेल तर सांगा, वजन दीड किलो, वर काही ठेवू नका, मोडतील.