बॉल गेला की झडप घालायची की मागं पळायचं?

मधली फळी
२०१८ च्या फुटबॉल वर्ल्डकपमधली जपान-बेल्जियम मॅच काल परत बघितली. जपान २-० ने पुढे, बेल्जियमने २-२ केलं, आणि चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला कॉर्नर (मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक) जपानला! होंडाचा कॉर्नर बेल्जियमचा गोलकीपर कोर्तवाने हवेतच पकडला, हाताने आपल्या डी ब्रुइनकडे सरकवला, आणि दहाएक सेकंदांत बॉल जपानच्या जाळ्यात. डोळ्यांत पाणी येतं अजून. माझं ठाम मत आहे, आपल्याकडून बॉल गेला की जवळच्याने त्याच क्षणी अंगावर जायचं. कोच ग्वार्डिओलाची बार्सिलोना हेच करायची. बॉल हिसकावणाऱ्याची मान अजून खाली असते, पुढचा पास त्याला दिसलेला नसतो. ते पाच-सहा सेकंद आपले.

लेफ्ट बॅक
बॉल कीपरच्या हातात असताना झडप कोणावर घालणार? तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. डी ब्रुइनसमोर जपानचा यामागुची होता, तर डी ब्रुइनने बॉल उजवीकडे मूनियेला दिला. मूनियेचा पास लुकाकूने पाय न लावता सोडला आणि मागून शाडलीने मारला. आधी मागं या, मधली जागा बंद करा, समोरच्याला बाजूच्या रेषेकडे ढकला. मी दर रविवारी खेळतो. पुढचे तिघं जीव तोडून धावतात, चौथा चालत असतो, आणि त्या फटीतून आलेला माणूस थेट माझ्या अंगावर. मी एकटा, ते दोघं.

मधली फळी
कीपरचं मान्य. पण तुमची तक्रार त्या चौथ्याबद्दल आहे, झडपेबद्दल नाही. चौघांनी एकदम जायचं. आणि सगळे मागं पळाले की डी ब्रुइनसारख्याला मान वर करायला वेळ मिळतो, मग तो काय करतो ते बघितलंच आपण.

जुना स्टॉपर
दोघंही बॉल गेल्यानंतरचं बोलताय. आपला हल्ला चालू असताना मागं कोण थांबलंय, ते आधी बघा. त्याच वर्ल्डकपमध्ये मॉस्कोत जर्मनी-मेक्सिको, पस्तिसावं मिनिट. जर्मनीच्या खेडिराकडून बॉल गेला, राइट बॅक (उजवीकडचा बचावपटू) किमिश पार वर. मेक्सिकोच्या लोझानोला अडवायला शेवटी कोण पळत आलं? ओझिल! हल्ला रचणारा प्लेमेकर! लोझानोने त्याला आत कट मारून गोल केला, ०-१. जपानचंही तेच, कॉर्नरला माणसं वर आणि मागं मोकळं रान.

लेफ्ट बॅक
हे पटलं. मागं तिघं उभे असतील आणि बॉल रेषेजवळ गेला असेल, तर मीही झडप घालीन. मैदानाच्या मध्ये गेला तर नाही.

मधली फळी
मध्ये गेला तर सगळ्यात आधी! गोलचा सरळ रस्ता तिथूनच आहे.