पिकल्यावरही हिरवेच राहणारे टमाटे तोडायचे केव्हा? (इंदूर, गच्चीवरच्या कुंड्या)

गच्चीवाली, सुदामानगर
नमस्कार मंडळी. या हिवाळ्यात गच्चीवर दोन परदेशी जातींचे टमाटे लावलेत, ग्रीन झेब्रा आणि आंट रूबीज जर्मन ग्रीन. दोन्ही पिकूनही हिरवेच राहतात, हे ठाऊक असूनच बी मागवलं होतं. सप्टेंबरअखेर रोपं केली, मोठ्या कुंड्यांत लावून बांबूला बांधली, आता फळं भरपूर धरलीत. अडचण घरातच आहे. सासूबाई रोज सकाळी वर जाऊन 'कच्चे आहेत तोवर' म्हणत चटणीपुरते तोडून आणतात. त्यांच्या तावडीतून सुटलेले मी 'अजून पिकायचेत' म्हणून ठेवते, ते एक दिवस फुटून कुंडीत पडलेले सापडतात. लाल टमाट्याचं बघताक्षणी कळतं, याचं कसं ओळखायचं? शिवाय सासूबाई विचारतात, असे हिरवे टमाटे न शिजवता खाल्ले तर पोट बिघडणार नाही का?

राजेंद्रनगरचा भिया
खाली पडला म्हणजे पिकला. आमच्याकडे हीच पद्धत.

जुना माळी, रामबाग
ताई, भियाचं ऐकू नका. खाली पडलेला टमाटा तुमच्याआधी खारीला मिळतो.

तुमच्या दोन जातींच्या खुणा निरनिराळ्या आहेत. झेब्राच्या अंगावर गडद आणि फिकट पट्टे असतात. गडद पट्टा शेवटपर्यंत हिरवा, त्याच्याकडे बघूच नका. फिकट पट्टा मात्र आधी पांढुरका-हिरवा असतो, मग पिवळसर होतो आणि पिकला की मधाच्या रंगावर जातो. जर्मन ग्रीन थोराड, चपटा, एकेक चारशे ग्रॅमपर्यंत सहज भरतो. त्याचं बूड बघायचं. फळ झाडावरच राहू द्या, खालून हात घालून जरा वळवा आणि फूल गळलं ती जागा पाहा. तिथे पिवळट झाक आली, तिच्यात पुसटसा गुलाबी दिसला की तोडा. देठाकडचे खांदे कडक असले तरी थांबू नका. टमाटा बुडाकडून वर पिकत जातो. खांदे मऊ होईस्तोवर वाट पाहिली तर बुडाचा लगदा झालेला असतो.

रंग सकाळच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली सगळेच हिरवे. आणि मी तर म्हणतो, डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवा. अंगठा रुतवू नका, डाग पडतो. अख्खं फळ तळहातात घेऊन हलकेच आवळा. कच्चं मुळीच दबत नाही, पिकलेलं किंचित दबतं. देठावर गाठ असते ना, तिथून फळ वर उचललं की टिचकन सुटायला हवं. ओढावं लागलं तर राहू द्या.

तरी शंका राहिली तर एक फळ आडवं कापा. बिया सुरीखाली चिरल्या गेल्या तर ते कोवळं. बिया निसटून बाजूला झाल्या, भोवती चिकट गर धरलाय पण फोड कडक आहे, तर त्याची वाढ पुरी झालेली. असं फळ टोपलीत ठेवूनही पिकतं. फ्रिजमध्ये नको, चव जाते.

फुटण्याचं कारण बहुतेक पाणी. दोन दिवस कोरडं ठेवून तिसऱ्या दिवशी बादली ओतली की आतला गर फुगतो आणि साल तडकते. थोडं थोडं, ठरल्या वेळी द्या, वर पालापाचोळा पसरा.

आता सासूबाई. फूल धरलं की घोसाला लोकरीचा धागा बांधा, दर आठवड्याला वेगळा रंग. फुलापासून पिकेपर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, थंडीत अंमळ जास्तच. कोणत्या रंगाला हात लावायचा नाही, एवढं त्यांना सांगून ठेवा. आणि त्यांच्यासाठी एक कुंडी साध्या देशी टमाट्याची लावा. दाण्याचं कूट घातलेल्या चटणीला कडक, आंबट फळच हवं. पिकलेला झेब्रा तव्यावर टाकाल तर नुसतं पाणी सुटेल आणि रंग मळकट, शेवाळी होईल. आंबटपणा आणि आच मिळून हरितद्रव्याचं तेच करतात. हा टमाटा फोडी करून, वर जिरावण (आपला इंदुरी मसाला) भुरभुरून, जमल्यास बारीक शेव घालून खायचा. त्याची भाजी करणाऱ्याला मी बी देत नाही.

बडोदेकर
पोटाच्या प्रश्नावर. कच्च्या टमाट्यात टोमॅटिन नावाचं कडवट द्रव्य असतं, ते पिकताना खूपच कमी होतं. रंग हिरवा राहिला तरी पिकण्याची बाकी क्रिया लाल टमाट्यासारखीच होते, तेव्हा पिकलेले हिरवे खुशाल खा.

हिरवे का राहतात, तर यात जनुकांतले दोन बिघाड एकत्र आलेले असतात. एकामुळे हरितद्रव्य मोडायचं राहतं. दुसऱ्यामुळे लायकोपीन, म्हणजे लाल रंग, तयारच होत नाही. पहिला असून लाल रंग शाबूत असला तर फळ तपकिरी-जांभळं दिसतं, चेरोकी पर्पल हे त्याचं उदाहरण. गंमत म्हणजे मेंडेलने ज्या हिरव्या-पिवळ्या वाटाण्यांवर प्रयोग केले, त्यांच्यामागचा जनुक या पहिल्या बिघाडातल्या जनुकाच्याच कुळातला. वाटाण्यातला २००७ साली उलगडला, टमाट्यातला २००८ साली.

मिल एरिया, इंदूर
माझ्या मैत्रिणीने झेब्राचं घरचं बी दिलं होतं. एका झाडाला चक्क लाल फळं आली! बी बदललं असेल का?

बडोदेकर
तसंही असेल, पण शेजारी देशी लाल टमाटे असतील तर संकर झाल्याचीही शक्यता आहे. टमाट्याचं फूल बहुधा स्वतःच्याच परागावर फळतं, तरी मधमाशी अधूनमधून घोटाळा करते. हिरवेपणाचे दोन्ही गुण दबणारे आहेत, म्हणून लालशी संकर झाला की पहिल्या पिढीत लालच दिसतो. झेब्रा संकरित वाण नाही. टॉम वॅग्नर या अमेरिकी पैदासकाराने तो १९८३ मध्ये बाजारात आणला, आणि शुद्ध ठेवला तर बियांतून तसाच येतो. बी धरायच्या घोसावर फुलं उमलण्याआधीच मलमलची पिशवी बांधा.

गच्चीवाली, सुदामानगर
काका, आज जर्मन ग्रीनचं बूड पाहिलं, दोनांवर गुलाबी आहे! सासूबाईंनी धाग्यांचे रंग स्वतःच निवडलेत. एकच विचारायचं राहिलं, ही झाडं एप्रिलमध्ये टिकतील?

जुना माळी, रामबाग
झाड टिकेल, फळ धरणार नाही. रात्रीही उकाडा राहायला लागला की फुलं गळतात. मार्चच्या मध्यावर शेंडे खुडा, म्हणजे धरलेली फळं तरी पोसतील. दुपारी हिरवी जाळी बांधा, नाहीतर पश्चिमेच्या बाजूची साल भाजून पांढरी पडते. बी धरायला दुसऱ्या-तिसऱ्या घोसातलं निरोगी फळ झाडावर पार मऊ होऊ द्या, गर दोन-तीन दिवस वाटीत आंबवा, धुवा आणि सावलीत वाळवा. कागदावर नको, चिकटून बसतं.