यादीत नाव नाही आणि परवा मतदान (सोसायटीचा ग्रुप, ठाणे)

सेक्रेटरी (ए-१०२): परवा १५ जानेवारीला महापालिकेचं मतदान. यादीत नाव आणि केंद्र दोन्ही बघून ठेवा. गेल्या वेळचंच केंद्र असेल असं धरून चालू नका.

मेघना (बी-४०३): आमच्या ईशाचं नावच नाही 😡 ऑगस्टमध्ये १८ पूर्ण झाली, लगेच नवीन नोंदणीचा फॉर्म ६ भरला, मंजूर झाल्याचा मेसेजही आला.

नितीन (सी-२०१): वहिनी, आधार घेऊन जा. यादीत नाव नसलं तरी आधार दाखवून ‘चॅलेंज व्होट’ मागता येतं, असा फॉरवर्ड वर टाकलाय बघा.

गोखले बाई (ए-३०४): नितीन, हा मेसेज दर निवडणुकीला फिरतो आणि खोटा आहे. यादीत नाव नाही तर मत नाही. तुमच्या नावावर दुसऱ्यानेच मत टाकलं असेल तर प्रदत्त मत असतं, पण त्यालाही आधी यादीत नाव लागतं.
मेघना, ईशाचं नाव विधानसभेच्या यादीत आलं असेल. महापालिकेसाठी राज्य निवडणूक आयोगाने १ जुलै २०२५ ची यादी धरली आणि तीच प्रभागवार फोडली. तिचा ऑगस्ट त्यात बसत नाही.

मेघना: जानेवारीच्या मतदानाला जुलैची यादी?

प्रकाश काका (बी-१०१): पेपरात सगळं आलं होतं. यादीवरच्या हरकतींची मुदतसुद्धा वाढवून ३ डिसेंबर केली. लोक बघत नाहीत त्याला कोण काय करणार.

गोखले बाई: काका, हरकतींत नवीन नाव घेतच नव्हते. प्रभाग चुकलाय किंवा विधानसभेच्या यादीतलं नाव इथे सुटलंय, एवढंच. मी बीएलओचं, म्हणजे केंद्रावरची मतदार यादी सांभाळायचं काम केलंय, यादी फोडायला वेळ लागतो हे मला मान्य आहे. पण साडेसहा महिने जास्तच झाले.

ओंकार (सी-५०२): विधानसभेला माझं असंच झालं. १५ ऑक्टोबर २०२४ ला निवडणूक जाहीर आणि नोंदणी १९ पर्यंत. मी तोवर पत्ता बदलाचा फॉर्म ८ भरला नव्हता. मत राहिलं नाशिकला.

प्रकाश काका: कुठेतरी रेघ ओढावीच लागते ना?

मेघना: ओढा की, पण आधी सांगून ओढा! २०२२ पासून १८ पूर्ण आहेत का ते बघायच्या वर्षाला चार तारखा केल्या, मुलांना पुढच्या जानेवारीपर्यंत ताटकळायला लागू नये म्हणूनच ना? मग १ ऑक्टोबर का नाही धरली? आपल्याकडे मागची निवडणूक २०१७ ला झाली, ईशा तेव्हा चौथीत होती. पुढची कधी घेतील देव जाणे.

प्रकाश काका: हे मात्र खरं.

सेक्रेटरी: बाई, पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून आत्ता काय करता येईल?

गोखले बाई: १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. अशा मुलांची नावं मला द्या, रविवारी क्लबहाउसमध्ये बसून भरू. पत्त्यासाठी आईवडिलांच्या नावचं लाइट बिल आणा. घर बदललेल्यांनी फॉर्म ८. भाडेकरूंना नोंदणीकृत करार चालतो.

ओंकार: माझा करार नोंदणीकृत नाही. गॅसचं बिलही मालकांच्या नावावर.

सेक्रेटरी: सी-५०२ चे मालक ग्रुपवर आहेत. सर, करार रजिस्टर करून देता का?

सी-५०२ (मालक): 👍

ओंकार: सर, म्हणजे या आठवड्यात?

सेक्रेटरी: सर?