अनुभव धागा : कामाच्या लवचिक वेळा आणि एकत्र प्रवास

काल कपाट आवरताना जुन्या डायरीत चौघांच्या आद्याक्षरांचा एक तक्ता सापडला. कोणत्या वारी कोणाची गाडी, एवढेच त्यात लिहिले होते. कार्यालयाने वेळा लवचिक केल्या त्या महिन्यात आम्ही एकत्र जाऊ लागलो आणि त्याच लवचिकतेमुळे पुढे आमची घडी विस्कटली, कारण एकाला आठला पोहोचायचे असे, तर दुसऱ्याला दहाला. आपलेही अनुभव लिहावेत.

प्रतिसाद : आमच्याकडे दहा ते तीन सर्वांनी हजर असायचे आणि उरलेले तास ज्याने त्याने आगेमागे करायचे, अशी पद्धत होती. आम्ही चौघांनी मात्र आपसांत साडेआठ ही वेळ ठरवून टाकली. लवचिकता कार्यालयाने दिली, ती वापरायची नाही हे आम्ही ठरवले!

प्रतिसाद : सकाळचे जमते हो, खरी परीक्षा संध्याकाळी असते. गाडीवाल्याची बैठक लांबली की आम्ही तिघे मांडीवर पिशव्या घेऊन बंद गाडीत बसलेलो असायचो आणि "पाचच मिनिटांत येतो" हा निरोप पाऊण तासात तीनदा यायचा.

प्रतिसाद : वरील तिघांविषयी सहानुभूती आहे. आमच्या कार्यालयाने अडीअडचणीला परतीच्या टॅक्सीची हमी दिली होती. वर्षभरात मी ती एकदाच, मुलाला ताप आल्याचा शाळेतून फोन आला तेव्हा वापरली. परंतु ती हमी नसती, तर मी स्वतःची गाडी घरी ठेवलीच नसती.

प्रतिसाद : अमेरिकेतील थ्री-एम कंपनीने १९७३ मध्ये सहा व्हॅन घेऊन कर्मचाऱ्यांच्या एकत्र प्रवासाचा प्रयोग सुरू केला, तेव्हा चालकही कर्मचाऱ्यांपैकीच असे. चालकालाच घरी जायची घाई असली, की पाच मिनिटांचा पाऊण तास होत नाही.

प्रतिसाद : आम्ही आठवड्याचे ४० तास चार दिवसांत बसवले. फेऱ्या पाचांवरून चारांवर आल्या, म्हणजे वीस टक्के प्रवास वाचला. मात्र दहाव्या तासाला केलेले काम दुसऱ्या दिवशी बहुधा पुन्हा तपासावे लागे.

प्रतिसाद : धागाकर्ते, त्या तक्त्यात चौघांची चार नावे आणि वार पाच, मग पाचव्या वारी गाडी कोणाची?

धागाकर्ते : गुरुवारी चौघेही घरून काम करीत असू. तो रकाना कोराच आहे.